बंद पडलेला डीव्हीडी रेकॉर्डर आणि त्यात अडकलेली नाटकं

डीव्हीडी रेकॉर्डर दुरुस्त करायचाय असं २०२४ साली सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "अजून आहे तुमच्याकडे?" आहे. फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात तो २००८ पासून आहे, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्याने मला फोंडा, पणजी, मडगाव असं बरंच हिंडवलं. गोव्यात ही यंत्रं अजून पुष्कळ घरांत असावीत. इथल्या दुकानांत ती फारशी दिसली नाहीत, पण आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानातून आली. त्यातल्या कोणाचं बंद पडलं तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळावं, म्हणून लिहून ठेवते.

आमचा दिराने शारजाहून आणलेला. आत १६० जीबीची हार्ड डिस्क, पुढे डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह. टीव्हीवरचे कार्यक्रम टिपून ठेवायला म्हणून तो आला, पण सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला वेगळ्याच कामाला लावला. आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक होतं. गोव्यातल्या कितीतरी गावांत होतं. पोस्टमन, कंडक्टर, बागायतदार, शाळामास्तर असे सगळे महिनाभर तालमी करतात आणि एका रात्री मंडपात उभे राहतात. अण्णा बरीच वर्षं तालीम मास्तर होते. नव्वदच्या दशकापासून गावातला एक व्हिडिओवाला ही नाटकं कॅसेटवर उतरवून ठेवायचा. अण्णांनी त्या सगळ्या व्हीएचएस कॅसेटी व्हीसीआर लावून रेकॉर्डरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या, रिमोटच्या बटणांनी एकेक अक्षर टाइप करून त्यांना वर्ष आणि अंकाप्रमाणे नावं दिली. काही डीव्हीडींवर उतरवल्या, काही तशाच राहिल्या. २०१९ मध्ये अण्णा गेले.

मूळ कॅसेटी आहेत, कपाटात आहेत, पण गोव्याची हवा त्यांना मानवली नाही. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर हेड खराब होतो आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागण होते. शिवाय व्हीसीआर आणायचा कुठून? जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटची. म्हणजे गावाची वीसेक वर्षांची नाटकं त्या एका यंत्रात होती.

१४ जून, शुक्रवार. पाऊस लागलेला. संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. त्यानंतर रेकॉर्डर लावला तर समोरच्या पट्टीवर 'हॅलो' अशी अक्षरं उमटायची, आतून टिक् असा आवाज यायचा आणि सगळं विझायचं. थोड्या वेळाने पुन्हा 'हॅलो'. असं ते स्वतःचं स्वतःच करत राहायचं.

पहिले दोन दिवस घरगुती उपाय. सगळ्या वायरी काढल्या, अर्धा तास तसंच ठेवलं, नुसती पॉवरची वायर लावून पाहिलं. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावलं. फरक नाही. मात्र यात एक गोष्ट सापडली. आखातातल्या यंत्रांचा प्लग चौकोनी पिनांचा असतो आणि आपण तो अडॅप्टर घालून वापरतो. आमचा अडॅप्टर आतून काळा पडला होता. तुमच्याकडे असं काही असेल तर आजच अडॅप्टर काढून टाका आणि सरळ आपला तीन पिनांचा प्लग बसवून घ्या. मला साठ रुपये पडले.

प्लग बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने सहज मीटर लावला आणि म्हणाला, वहिनी, ही लाइन नाचतेय. बागेतल्या पंपामुळे आमचं कनेक्शन थ्री-फेज आहे. मीटरच्या बोर्डवरचा न्यूट्रलचा स्क्रू गंजून सैल झाला होता. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सैल झाला की एका फेजवर व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्यावर चढतं. २३० च्या जागी २६०च्या वर गेलेलं मी स्वतः पाहिलं. टीव्ही, फ्रिज कसे वाचले कोण जाणे. चारशे रुपये घेऊन त्याने ते ठीक केलं. हे आधी झालं ते बरं झालं, नाहीतर दुरुस्त केलेलं यंत्र परत त्याच लाइनवर लावलं असतं.

मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीतही हेच झालं असतं. आधी मॉडेल नंबर, मग सीरियल नंबर. "मॅडम, हा नंबर आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाही." दिसणार कसा, माल आखातातला. इथल्या सिस्टिममध्ये डीव्हीडी रेकॉर्डर असा प्रकारच शिल्लक नव्हता. शेवटी त्या मुलीने 'इतर उत्पादन' या सदरात तक्रार घातली आणि मोबाइलवर जॉब नंबर आला. तंत्रज्ञ घरी येणार नाही, यंत्र पणजीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन या.

तिथे तपासणीचे ३५० आणि त्यावर जीएसटी १८ टक्के, असे ४१३ रुपये आधीच भरायचे. काउंटरवर जॉब शीट भरून देताना त्यांनी छापील अटींखाली सही मागितली. मी अशा अटी वाचते, घरचे यावरून हसतात. त्यात होतं की आतल्या डेटाची जबाबदारी कंपनीची नाही. एवढं ठीक. मी त्याच कागदावर हाताने लिहिलं, 'हार्ड डिस्क फॉरमॅट करू नये, बदलू नये' आणि त्याच्या खाली त्यांचा शिक्का मागितला. काउंटरवरचा मुलगा आत जाऊन विचारून आला, पण शिक्का मिळाला. जॉब शीटचा फोटो काढून ठेवला. हा फोटो नंतर उपयोगी पडला, कारण पावसात मूळ कागदाचा लगदा झाला आणि कागदाशिवाय ते यंत्र परत देत नाहीत.

दोन आठवडे काही नाही. फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे'. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निरोप आला की मेन बोर्ड गेला आहे, बोर्ड मिळत नाही. एक उपाय आहे, हार्ड डिस्क फॉरमॅट करून बघता येईल, त्यासाठी संमतीची सही करा. मी विचारलं, बोर्ड गेला असेल तर डिस्क फॉरमॅट करून तो कसा परत येईल? उत्तर नव्हतं. एक्स्चेंजमध्ये साउंडबार घ्या असं मात्र सुचवलं. मी 'दुरुस्तीविना परत' असा शेरा मारून घेतला आणि यंत्र पिशवीत घालून कदंबाच्या बसने घरी आणलं. पाय जड झाले होते, खोटं का बोलू. भाचीला, ती वकिली करते, विचारलं की ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करू का. ती म्हणाली, खरेदी परदेशातली, वॉरंटी संपून जमाना झाला, त्यांनी तपासलं आणि बिघडवलं काही नाही. तक्रार कशाची करणार? बरोबर होतं.

फोंड्याच्या बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. दुकान म्हणजे एका माणसाला बसायला जागा, बाकी सगळीकडे उघडलेले मिक्सर आणि टीव्ही. त्यांनी यंत्र लावलं, तो 'हॅलो' आणि टिक् ऐकलं, आणि झाकण उघडायच्या आधीच म्हणाले, "बाय, हें मरूंक ना. हाका करंट पावना." म्हणजे हे मेलेलं नाही, याला करंट पोचत नाही. पॉवर सप्लायच्या लहान पट्टीवर वीज साठवून ती एकसारखी पुरवणारे डबीसारखे कपॅसिटर असतात, त्यांतल्या तीन-चारांची टोपणं फुगून वर आली होती. काकांनी मीटर लावून दाखवलं. पाच व्होल्टच्या लाइनवर सव्वाचार येत होते. यंत्र जागं व्हायला तेवढे पुरतात, पण हार्ड डिस्क फिरायला लागली की तिला एकदम जास्त करंट लागतो, व्होल्टेज आणखी खाली बसतं आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून 'हॅलो', टिक्, अंधार. पणजीला ज्याने मेन बोर्ड म्हटलं त्याने बहुधा झाकणही उघडलं नव्हतं.

काकांचं दुसरं म्हणणं मला जास्त पटलं. ते म्हणाले, याला एक यंत्र समजू नका. यात तीन वेगळ्या गोष्टी एका डब्यात आहेत: बाहेरून चित्र घेणारा भाग, हार्ड डिस्क, आणि डीव्हीडीचा ड्राइव्ह. यातलं काय गेलंय आणि तुम्हाला यातलं काय हवंय, ते आधी ठरवा. मला डिस्कवरचं हवं होतं. बाकी दोन मेले तरी चालणार होते. हे वाक्य कोणी मला जूनमध्ये सांगितलं असतं तर पणजीच्या काउंटरवर मी वेगळं बोलले असते.

कपॅसिटर १०५ डिग्रीपर्यंतची उष्णता सोसणारेच घालायचे म्हणून काकांनी बेळगावहून मागवले. ८५ डिग्रीचे इथे मिळत होते, पण अशा बंद डब्यात ते टिकत नाहीत म्हणाले. त्यात आठवडा गेला. सामान आणि मजुरी मिळून ६५०. एक सूचना: यूट्यूबवर बघून हे घरी करायला जाऊ नका. पॉवर सप्लायच्या एका मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.

जुलैच्या शेवटी यंत्र सुरू झालं. घड्याळ पुसून गेलेलं, पण यादी उघडली आणि अण्णांनी टाकलेली नावं एकाखाली एक दिसली. मी काकांच्या दुकानातच स्टुलावर बसले.

आनंद घरी येईपर्यंत टिकला. डीव्हीडी घातली तर 'नो डिस्क'. दुसरी घातली, तेच. गंमत म्हणजे गाण्यांची सीडी व्यवस्थित वाजत होती. काकांना फोन केला तर ते म्हणाले, मग लेझर गेला. सीडी आणि डीव्हीडी वाचायला ड्राइव्हमध्ये वेगवेगळे लेझर असतात, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, त्यामुळे एक मरून दुसरा जिवंत राहू शकतो. लेन्स मळली असेल तर साधारण दोन्हींना त्रास होतो. तरी आयसोप्रोपिल अल्कोहोलने लेन्स पुसून पाहिली. अधूनमधून एखादी छापील डीव्हीडी वाचायला लागला, पण लिहायला तयार नाही. लिहायला वाचण्यापेक्षा पुष्कळ जास्त ताकद लागते. संगणकाचा नवा ड्राइव्ह आत बसवता येईल का? वायर बसते, पण आमचा रेकॉर्डर फक्त स्वतःच्या जातीचा ड्राइव्ह ओळखतो.

मग हार्ड डिस्क काढून संगणकाला लावू, असं कोणीही सुचवतं. फोंड्यातल्या एका संगणकाच्या दुकानात आठ हजार सांगितले, खात्री नाही म्हणाले. या डिस्कवरची मांडणी रेकॉर्डर बनवणाऱ्याने स्वतःची ठेवलेली असते, विंडोजला ती कळत नाही आणि लावल्या लावल्या विंडोज विचारतं, डिस्क इनिशिअलाइज करू का? तिथे 'हो' म्हटलं की संपलं. उलटही तेच: डिस्क दुसऱ्या रेकॉर्डरला लावली तर बरेच रेकॉर्डर आधी फॉरमॅट मागतात. चालू असलेली डिस्क मी तिच्या जागेवरून हलवू दिली नाही.

राहिला सरळ रस्ता. रेकॉर्डर टीव्हीला चित्र दाखवतोय ना, मग तेच चित्र संगणकात घ्यायचं. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी एका बाजूला आणि यूएसबी दुसऱ्या बाजूला अशी कॅप्चर स्टिक मिळते. पहिली ५५० रुपयांची मागवली. चित्र काळं-पांढरं आणि वर सरकत राहणारं. लेकीने, ती फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, सेटिंगमध्ये एनटीएससी होतं तिथे पाल केलं; टीव्हीच्या चित्राच्या या दोन वेगळ्या पद्धती. आपल्याकडे आणि आखातातही पालच. रंग लगेच आले, चित्र थांबलं. पण त्या स्टिकमध्ये आवाज हळूहळू मागे पडायचा, तासाभराने राजा बोलायचा आणि ओठ प्रधानाचे हलायचे. दुसरी ११०० ची घेतली, तिच्यात हा त्रास नव्हता. रेकॉर्डरला एचडीएमआयही आहे, पण त्यातून येणाऱ्या चित्रावर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि कॅप्चर स्टिकला नुसता काळा पडदा मिळतो. वायरींचा जुना मार्गच चालतो. चित्र ७२० गुणिले ५७६ चं आहे, ते १०८० वगैरे करायच्या भानगडीत पडू नका. हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसतात तेवढ्या डीइंटरलेस करून काढा.

या पद्धतीचा एकच मोठा तोटा, तासाला तास लागतो. १६० जीबीमध्ये एसपी मोडने, म्हणजे नेहमीच्या दर्जाने, साधारण ६८ तास मावतात आणि आमची डिस्क जवळजवळ भरलेली. पाइपातून पाणी येतं तसं ते येणार तेवढंच येणार. सकाळी डबे झाले की एक अंक लावायचा, मोबाइलवर अलार्म, दुपारी दुसरा. ऑगस्टमध्ये लाइट जायची म्हणून रेकॉर्डर आणि लॅपटॉप दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. न्यूट्रल घट्ट केला असला तरी भरवसा नव्हता. दर अंकाची वेगळी फाइल, नावात आधी वर्ष. रोज रात्री त्या दिवशीच्या फाइली साडेचार हजारांच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर. रेकॉर्डरवरचं मूळ काहीही पुसायचं नाही, जागा मोकळी करायचा मोह झाला तरी.

नुसतं लावून निघून जावं असं ठरवलं होतं, पण तसं होत नाही. कपडे घड्या घालायला बसायचे आणि बघत राहायचे. एका नाटकात प्रॉम्प्टरचा आवाज नटांच्या आवाजापेक्षा मोठा आहे. एकात औरंगजेबाच्या हातात मनगटी घड्याळ आहे. स्त्री-भूमिका करणारे आमचे शेजारी, आता सत्तरीचे, पदर असा काही सावरतात की मला जमत नाही. आणि १९९६ च्या नाटकात दुसऱ्या अंकात लाइट जाते. कॅमेरा बॅटरीवर चालू आहे, त्यामुळे पडदा काळा आणि नुसते आवाज: कोणीतरी ओरडतंय पेट्रोमॅक्स आणा, पोरं शिट्ट्या मारतायत, मागे भजनाचा सूर लागतो, आणि त्या सगळ्यावर अण्णांचा आवाज, "कोणी जागेवरून उठू नका, वाक्य लक्षात ठेवा." लेक म्हणाली हे कापून टाकूया. मी कापलं नाही.

चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाहेरून कोणी वाचत असेल तर: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दुरुस्तीला टाकलेली कोणतीही वस्तू चवथ झाल्याशिवाय परत येत नाही. काकांचं दुकानही चांगले आठ-दहा दिवस बंद. तोपर्यंत निम्म्याहून थोडं अधिक काम झालं होतं. घरात सगळे जमलेले, आरत्या झाल्यावर पेन ड्राइव्हवर दोन नाटकं लावली. आतेसासूबाईंनी प्रत्येक नटाचं कुळ-मूळ सांगितलं, त्यामुळे नाटक काही ऐकू आलं नाही.

याच वेळी डीव्हीडींचा प्रश्न पुन्हा वर आला. अण्णांनी लिहिलेल्या डीव्हीडींपैकी काही फायनलाइज केलेल्या नव्हत्या. रेकॉर्डरवर लिहून झाल्यावर डिस्कला शेवटचा 'फायनलाइज' हा टप्पा द्यावा लागतो, तो नसेल तर ती डिस्क ज्यावर लिहिली त्यावर चालते आणि इतर प्लेअर तिला ओळखत नाहीत. संगणकात घातली तर कोरी दिसते. कोरी समजून कित्येकांनी अशा डिस्क फेकल्या असतील. नीट बघा: खालच्या बाजूने उजेडात तिरकी धरली तर लिहिलेल्या भागाचा रंग किंचित वेगळा दिसतो. आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर अशा डिस्क वाचतं; आत काय आहे ते फुकटात दिसतं, बाहेर काढायला परवाना घ्यावा लागतो. काही डीव्हीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क, मात्र व्हीआर नावाच्या वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या निघाल्या. त्यांच्यात 'डीव्हीडी-आरटीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात 'व्हीआरओ' या शेपटाची एक मोठी फाइल असते. ती कॉपी करून व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरमध्ये सरळ लागली. पैसे नाही, कटकट नाही.

उरलेल्यांसाठी आम्हाला आमच्याच जातीचा चालू ड्राइव्ह हवा होता. चतुर्थीला आलेल्या दिराने त्याच्या शारजाच्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं. तो मडगावचा, त्यानेही त्याच वर्षी तेच मॉडेल घेतलेलं, बंद पडून माळ्यावर गेलेलं. पंधराशेला दिलं, तेही मी जबरदस्तीने दिले म्हणून. काकांनी उघडलं तर त्याचेही कपॅसिटर फुगलेले, ड्राइव्ह मात्र क्वचितच वापरलेला. ड्राइव्हची अदलाबदल, मजुरी ३००. आमच्या रेकॉर्डरने आपल्या जातीचा म्हणून तो लगेच स्वीकारला. ऑक्टोबरात एकेक डिस्क घालून फायनलाइज केली. प्रत्येकीला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात लाइट गेली तर डिस्क कायमची जाऊ शकते, म्हणून हेही इन्व्हर्टरवर. दोन-तीन डिस्क कशानेच वाचल्या नाहीत. त्यांच्यावरचा लिहिण्याचा रंग दमट हवेत उतरला असावा; त्यांचा नाद सोडला.

बाहेरची हार्ड डिस्क सोडली तर सगळा खर्च पाच हजारांच्या आत बसला. एवढ्यात नवा रेकॉर्डर आला असता ना, असं नवरा म्हणाला. तर तेही बघून आले होते. पणजीत अठरा जून रस्त्यावरच्या दुकानांत डीव्हीडी प्लेअर एखादा दिसतो, रेकॉर्डर कुठेच नाही. आणि मिळाला तरी त्याच्या ट्यूनरचा उपयोग नाही, केबल डिजिटल झाल्यापासून सगळं सेट-टॉप बॉक्समधूनच येतं. टीव्हीवरचं टिपून ठेवायचं असेल तर डीडी फ्री डिशचे बरेच साधे बॉक्स पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करतात आणि ती फाइल संगणकावरही चालते. पैसे भरून घेतलेल्या डिशचं रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सपुरतं बांधलेलं असतं, बॉक्स बदलला की गेलं. घेण्याआधी दुकानदाराला हा एक प्रश्न विचारा.

नाटकांच्या आता तीन प्रती आहेत: एक घरी, एक दिराबरोबर शारजाला गेली, एक उत्सव समितीकडे. समितीने पेन ड्राइव्ह मागितला होता, मी सही घेऊन हार्ड डिस्क दिली. जॉब शीटपासून लागलेली सवय.

जुनं यंत्र भंगारात घालणार असाल तर आतली हार्ड डिस्क आधी काढून घ्या आणि बाकीचं सुक्या कचऱ्यात न मिसळता ई-कचरा म्हणून वेगळं द्या. आम्ही अजून दिलेलं नाही, कारण मडगावच्या यंत्राची गोष्ट बाकी आहे. काकांनी त्याचे कपॅसिटर बदलून आमचा लंगडा ड्राइव्ह त्यात बसवला, निदान सुरू तरी व्हावं म्हणून, आणि यादी उघडली तर त्यांच्याही डिस्कवर पुष्कळ काही होतं. फोन केला. त्या सहकाऱ्याला आठवतच नव्हतं, त्याच्या आईला होतं. तिच्या धाकट्या लेकीचं २००९ चं लग्न आणि गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, झालेली तियात्रं, म्हणजे कोकणी नाटकं. या वेळचे कपॅसिटरचे पैसे त्यांनी दिले, स्टिक आणि वेळ माझा. लग्न उतरवून पेन ड्राइव्ह पाठवलाय. तियात्रं पुढच्या आठवड्यात लावेन, ती तीन-तीन तासांची आहेत.